मंदाअक्काचा मूळ आवाज

मी, पितांबर भिकन अहिरराव, वय ६९, व्यवसाय माहितीपट आणि एक चित्रपट दिग्दर्शित करणे, राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. अक्षर बिघडलं आहे ते औषधांमुळे. त्यावरून कोणी शंका काढू नये.

१. देवपूरचं घर आणि बँकेतली ठेव भाची मोहिनी हिला. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण मंदाअक्का, हयात असेपर्यंत याच घरात राहील.

२. कॅमेरा आणि तिपाई माझा छायाचित्रकार भूषण याला. भुसावळच्या रेल्वे कॉलनीवरचा माहितीपट आम्ही यावरच केला. लग्नाच्या शूटिंगला तो भाड्यानं देऊ नये. मानचिन्हं भंगारात घालावीत. शाली ज्याला थंडी वाजेल त्याच्या.

३. चित्रपट कोणालाच देता येत नाही. लिहिला मी, साक्रीच्या उन्हात केला मी, मालकी मात्र निर्मात्याची. त्याचं नाव इथं घालत नाही, फुकटची प्रसिद्धी कशाला? त्यात आईचं काम मंदाअक्कानं केलं होतं. तिची अहिराणी पुण्या-मुंबईला कळणार नाही म्हणून त्यानं मला न विचारता दुसऱ्या बाईकडून आवाज भरून घेतला. मी भांडलो, पाया पडलो, काही उपयोग झाला नाही. धुळ्याच्या टॉकीजमध्ये अक्का नवं लुगडं नेसून बसली होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "ती बाई चांगली बोलनी."

४. चित्रीकरणाच्या वेळी घेतलेल्या मूळ आवाजाची एकच टेप माझ्याकडे उरली आहे. वकील म्हणतात, कायद्यानं तीही निर्मात्याचीच. असू दे. ती मोहिनीला.

पक्षाघातानंतर अक्का एक शब्द बोललेली नाही. डॉक्टरांनी हात टेकले, मीही टेकले. ही टेप तिला संध्याकाळी ऐकवत जावी. तिचा संवाद संपतो आणि ती मला विचारते, "भाऊ, मन्हं चुकनं का? परत बोलू का?" टेप तिथंच संपते, माझं उत्तर त्यात नाही. ते वाक्य आलं की अक्का उशीवरून माझ्याकडे बघत राहते आणि सगळं बरोबर आहे असं मी सांगितल्याशिवाय नजर काढत नाही. मला याहून जास्त काही करता येत नाही. माझ्यामागे मोहिनीनं तिच्याजवळ बसून, माझ्या वतीनं, रोज सांगावं: "नही अक्का, बठ्ठं बराबर शे."

वरील मजकूर वाचून, समजून, दोघांच्या देखत सही केली.

पितांबर भिकन अहिरराव

साक्षीदार:
लीलाधर देवरे, देवपूर
हेमराज बच्छाव, साक्री

धुळे, ३ फेब्रुवारी २०२५