हाकेला ओ

४ सप्टेंबर
पोचले! शेवटच्या थांब्यावर बस सोडली, वीस मिनिटं चढ चढले आणि शुमावाच्या जंगलातलं हे लाकडी घर दिसलं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. बाबांनी घरच्या पत्रपेटीवर माझ्या नावाआधी पदवीची अक्षरं रंगवून घेतली आहेत. काचकारखान्यातले मित्र त्यांना चिडवतात, आता पोरीशी बोलायला अर्ज करावा लागणार का रे? आणि आता मी चित्रकार द्राहोमीरा कोझल्कोवांची मदतनीस!

बाई अकरा वर्षं एक शब्दही बोललेल्या नाहीत. सकाळी जंगलात ध्यान, मग चित्र. लागेल ते चिठ्ठीवर लिहितात. गावातली दुकानदारीण व्लास्ता म्हणाली, माझ्या नवऱ्याला हे सांगू नकोस हं, तो तिकडेच राहायला येईल. हसले, पण वाईटही वाटलं. मौन ही साधना आहे. मला ती शिकायची आहे.

९ सप्टेंबर
दिवसभर कॅनव्हासवर सरस लावते, रंग घोटते. बाईंच्या चित्रांत आकाश नसतंच. नुसती स्प्रूसच्या झाडांची उभी खोडं, आणि मधोमध एक काळी फट. ती कसली, असं विचारलं तर बाईंनी लिहायला घेतलं आणि चिठ्ठी फाडून टाकली.

माझी धाकटी बहीण रूझेना वीस तारखेला भेटायला येतेय. प्रागच्या संगीतशाळेत गाण्यासाठी तिची निवड झालीये! ऑक्टोबरात वर्ग सुरू. आई शेजारपाजारी सांगत सुटली आहे.

१३ सप्टेंबर
आज पहिल्यांदा एकटी ध्यानाला बसले. बाईंची चिठ्ठी: “फक्त ऐक.” शेवाळ ओलं होतं, मन हळूहळू निवत गेलं. मग झाडांतून कुणीतरी हाक दिली, “हॉप हॉप!” मीही लगेच, “हॉप हॉप!” विचारसुद्धा केला नाही. लहानपणापासून मश्रूम वेचताना हेच करत आलोय. हाक आली की ओ द्यायची, म्हणजे कुणी चुकत नाही.

पण कुणी आलं नाही. परतले तर बाई दारात उभ्या राहून रडत होत्या.

१४ सप्टेंबर
घशातून आवाज निघत नाही. दुखत नाही, सर्दी नाही. कुजबुजसुद्धा येत नाही.

न्याहारीला बाई म्हणाल्या, “मीठ दे गं.”

बोलल्या! स्वतःच दचकल्या, तोंडावर हात धरून हसल्या, मग रडल्या. माफ कर पोरी, म्हणाल्या. अकरा वर्षांपूर्वी मीही अशीच ओ दिली होती. जंगल एका वेळी एकच आवाज ठेवून घेतं. आता ते तुझ्या आवाजात हाक मारेल. दुसरं कुणी ओ देईल तेव्हा तुझा तुला परत. मदतनीस हवी म्हणून जाहिरात दे, मीही तेच केलं.

दुपारच्या बसने गेल्या. कुंचलेही नेले नाहीत.

१६ सप्टेंबर
मी जाहिरात देणार नाही. माझं गेलं ते गेलं, दुसऱ्या कुणाचं घेणार नाही. असं ठरवलं आणि आठवलं – रूझेना!

मोबाइलला रेंज मिळेपर्यंत गावाकडे धावले. लिहिलं, येऊ नकोस, माझा आवाज बसलाय. तिचं उत्तर: मग तर येणारच, मध आणि काढ्याला लिंडनची फुलं आणते. सगळं खरं लिहिलं. जंगलात माझ्या आवाजात हाक आली तर ओ देऊ नकोस. तिचं उत्तर: ताई, बाई तुला कुठले मश्रूम खायला घालून गेली?

१९ सप्टेंबर
आज जंगलातून माझा आवाज आला. अगदी माझा. हसरा.

उद्या थांब्यावर उभी राहीन. ती उतरली की हात धरून त्याच बसने परत. बस, एवढंच.

२० सप्टेंबर
थांब्यावर. बस आली. रूझेना नाही. मोबाइलवर तिचा निरोप – आगगाडीने आले, निळ्या खुणांच्या पायवाटेने जंगलातून येतेय, मश्रूमची टोपली भरत आली –

धावतेय. वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ओ देऊ नकोस. दिसली की समोर धरेन.

निळी खूण. पुढची सापडत नाही. खोडावर दगड आपटले – तिला ऐकू जात नाही – गातेय. ऐकू येतंय, जवळच, ओढ्यापलीकडे –

माझा आवाज. खोडांमधल्या काळ्या फटीतून. हॉप हॉप –

गाणं थांबलं. नको रूझेना. नको नको

ती हसली. हॉप हॉप, आले गं ता –

घशात काहीतरी गरम. मी ओरडले. ओरडले, आणि मला माझाच आवाज ऐकू आला –