सुईणीचा पुसलेला हात

मी, आशालता टिपणीस, वय चौऱ्याहत्तर, मूळ राहणार पुणे, गेली आठ वर्षे मुक्काम सिंगापुरातले बुकित पंजांग, मुलीच्या फ्लॅटमधली धाकटी खोली, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचे दडपण नाही. राग आहे, पण त्याने बुद्धीला बाधा आलेली नाही असे माझे मत आहे. टाईप न करता हाताने लिहिते, कारण माझ्या मुलीने, अनुजाने, हे एकदा तरी शेवटपर्यंत वाचावे.

१. घर. पुण्याचे घर विकून मी या फ्लॅटात घातले, तेव्हा घराबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. जानेवारीत माझा इथे राहण्याचा पास संपतो. जावई गुरुप्रसाद यांनी तो वाढवण्याचा अर्ज केलेला नाही. पुण्याच्या वृद्धाश्रमात माझ्यासाठी खोली घेतली आहे, हे मला माहितीपत्रक आले तेव्हा कळले.

२. चित्रे. कला महाविद्यालयात मी तीस वर्षे युरोपीय चित्रकला शिकवली. प्रबोधनकाळातल्या ख्रिस्तजन्माच्या चित्रांच्या माझ्या सर्व प्रती नात क्षिप्रा हिला द्याव्यात. तिने त्या क्रमाने बघाव्यात. आधीच्या चित्रांत कोपऱ्यात दोन सुईणी असतात; एक बाळाला धरते, दुसरी हात बुडवून पाणी किती ऊन आहे ते बघते. पुढे फॅशन बदलली. मेरी गुडघे टेकून हात जोडू लागली, बाळ उघड्या जमिनीवर, अंगावर दुपटेसुद्धा नाही, आणि सुईणी चित्रातून गेल्या. देवाचे बाळ, त्याला न्हाऊ घालायला कोण कशाला हवे! वर्गात मी हे हसत सांगत असे. मेरीचा नवरा योसेफ बाजूला हनुवटीला हात लावून पेंगत असतो. ते पद आमच्या घरी जावयांनी भूषवले.

३. बाळंतपण. क्षिप्राच्या वेळी मी तीन महिन्यांसाठी आले, ती राहिलेच. शेक दिला, डिंकाचे लाडू केले, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घातले. धुरी दिली तेव्हा अलार्म वाजला, आणि खाली जाऊन गार्डची माफीही मीच मागितली. डिसेंबरात नाताळच्या कार्डासाठी फोटोग्राफर आला. अनुजा गुडघ्यांवर, बाळ गवताच्या टोपलीत, मागे तारा. उजेड डावीकडून घ्या, हे मी सांगितले. बाळाने मान धरली नव्हती, म्हणून कापडाआडून हातही मीच दिला. कार्ड छापून आले तेव्हा तो हात पुसलेला होता.

"आई, तुझ्या बांगड्या थीममध्ये बसत नव्हत्या गं. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

त्या कार्डावर बाळाचे डोके हवेत तरंगते. ऑफिसातल्या लोकांना ते फार गोड वाटले.

गेल्या महिन्यात क्षिप्राने एक जुनी प्रत बघून, सुईणीवर बोट ठेवून, इथल्या मुलांच्या इंग्रजीत विचारले, "आज्जी, हू इज धिस आँटी? शी डुइंग ऑल द वर्क लाह!" एवढे तिच्या आईबापांना आठ वर्षांत दिसले नाही. म्हणून चित्रे तिला.

४. माझ्या आईच्या पाटल्या आणि नथ अनुजाला. अनुजा, कार्डाचा राग सोडला असे लिहायला बसले होते, लिहवत नाही. पण हे वाचून तू "आई, राहा" एवढे म्हणालीस, तर मी हा कागद तुझ्यासमोर फाडीन.

स्थळ: बुकित पंजांग, सिंगापूर
दिनांक: ९ डिसेंबर २०२४
सही: आशालता टिपणीस
साक्षीदार: १. अनुजा २. गुरुप्रसाद

सह्यांनंतर, त्याच दिवशी: साक्षीला शेजारच्या सरोजिनीबाई आणि त्यांचे यजमान येणार होते. त्याआधी अनुजाने वाचावे म्हणून मी सकाळी कागद तिच्यापुढे ठेवला. ती दारात बूट घालत होती.

"वाच आधी," मी म्हटले.

"नंतर वाचते गं, मीटिंग आहे. कुठे सही करू ते सांग."

साक्षीदारांची रिकामी ओळ तिला आपणहून सापडली. गुरुप्रसाद यांनी तिच्याखाली सही केली आणि पेनाला टोपण लावून मला परत दिले. वकीलबाईंनी बजावले होते की ज्याला काही ठेवले आहे त्याने किंवा त्याच्या जोडीदाराने साक्ष केली, तर त्याचा वाटा जातो. तेव्हा कलम चार रद्द झाले; पाटल्या आणि नथ क्षिप्राला, आणि या पुरवणीवर साक्ष सरोजिनीबाई व त्यांच्या यजमानांची. मी दोघांना अडवले नाही.