ड्रम सुरू होतात तिथे

लाडक्या दाद्या,

तुझा तो केसाळ रॉकवाला काल टीव्हीवरच्या बातम्यांत दिसला. पंच्याहत्तरीला आलाय, निरोपाचा कार्यक्रम करतोय, तोही स्टुलावर बसून. बाबा एकदम खूश. "अरे, याला तर टक्कल पडलं की!" म्हणाले आणि स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला.

मी घाईने चॅनल बदलायला गेले. तू बाबांशी भांडून घर सोडलंस तेव्हापासून इथे त्याचं नाव काढायची सोय नाही, तुझंही नाही. तर बाबा म्हणतात, "राहू दे. आवाज वाढव."

आवाज वाढव! आपले बाबा! रिमोट हातात धरून मी रिमोट शोधत बसले.

त्याने नेमकं तेच गाणं धरलं. त्यातले ड्रम सुरू झाले की तू वरच्या खोलीत पलंगावरून उडी मारायचास, खाली आमच्या डोक्यावरचा दिवा हलायचा आणि बाबा ओरडायचे, "छत पाडशील, गाढवा!"

ड्रम सुरू होणार, त्याच्या क्षणभर आधी बाबांनी मान वर करून छताकडे पाहिलं.

दिवा जागचा हलला नाही.

"त्याला कळवू नकोस," एवढंच म्हणाले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.

म्हणून हे पत्र टाकत नाही. पण तू आपणहून आलास ना, तर दारात माफीबिफी मागत बसू नकोस. सरळ वर जा आणि उडी मार.

तुझीच,
चिमी