दसऱ्याआधीची झाडलोट

बाबा, स्फोटात कण कसे पळतात आणि हवेत कसे मिसळतात, हे मोजणं ही माझी नोकरी आहे. मुलुंडच्या घरी बसून संगणकावर लाखभर ठिपके उधळायचे आणि बघत राहायचं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "ह्याचे पैशे गावतत तुका?" पडून राहिलेली पूड पेटवली तर नुसती धुमसते. तीच उधळली की प्रत्येक कणाला चहूबाजूंनी हवा मिळते आणि सगळे एकदम पेटतात. पहिला भडका बहुधा छोटाच असतो. त्याच्या धक्क्याने वर साचलेली पूड खाली येते आणि मग दुसरा होतो. माणसं जातात ती बहुतेक दुसऱ्यात.

हे मला साकीनाक्याच्या आपल्या गाळ्यातच कळायला हवं होतं. तिथे तुम्ही लोखंडी ग्रिलवर रंगाची कोरडी पूड फवारून भट्टीत भाजायचात. खंडेनवमीची सकाळ आहे. मी कॉलेजला दांडी मारून झाडलोटीला आले आहे. फुलं आणायला निघताना तुम्ही बजावता, "हवा मारू नको गो. वल्या फडक्यान पूस." पण पत्र्याखालचे पुडीने माखलेले लोखंडी अँगल पुसायचे तर शिडी लावा, अर्धा दिवस घालवा. तुमची पाठ वळली आणि मी कॉम्प्रेसरचा पाइप उचलला. पाच मिनिटांत अँगल लख्ख. पूड गेली कुठे, हे रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलीला सुचू नये? मी बाहेर नळावर तोंड धूत असताना तुम्ही फुलं घेऊन परत आलात. आतून तुमचा आवाज आला, "झकास झाला गो!" मग तुम्ही निरांजन लावलंत.

हॉस्पिटलात तुम्ही आईला सांगितलंत, "हवा मीच मारलंय." मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात आणि मी गप्पच राहिले.

आई आता माझ्याकडेच असते. घरात दोघीच आहोत आणि मला फार एकटं वाटतं, कारण तिच्याशी बोलताना एक गोष्ट कायम चुकवावी लागते. तिचा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. हे पत्र तिच्या हातात द्यायला हवं, हे मला कळतं. पण मी ते फाडणार आहे. आज तुमच्या फोटोसाठी हार ओवताना ती म्हणाली, "जल्मभर दुसऱ्याक शिकवल्यानी, आणि स्वतःच आळस केल्यानी. खरा ना गो?"

मी हो म्हटलं, बाबा.