सासूबाईंच्या हातची काडतुसं

डीप क्रीक, माँटाना
बुधवार, १२ नोव्हेंबर

प्रिय रोझॅनवन्सं,

तुमच्या धाकट्या भावाच्या बायकोचा, म्हणजे नॅडीनचा नमस्कार. इतके महिने पत्र नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. ईस्टरला एक लिहिलं होतं, ते टपालात गहाळ झालं असावं. (हे खरं नाही. ते गाडीच्या कप्प्यात पडलं आहे. मी रोज कप्पा उघडते, ते बघते आणि बंद करते.) तुमचा गुडघा कसा आहे? समुद्राच्या दमट हवेने तो बिघडला असं सासूबाई सांगत फिरतात. इथल्या कोरड्या हवेने त्यांची स्वतःची मनगटं कुठे सुधारली, असं विचारायचा धीर मला होत नाही. बाकी आम्ही ठीक. कर्टिसला या हंगामात एकही हरीण मिळालं नाही आणि त्याचं खापर त्याने माझ्या शाम्पूच्या वासावर फोडलं आहे.

आता सासूबाईंबद्दल. मामंजी गेल्यापासून त्यांचं घराबाहेर पडणं म्हणजे फक्त गुरुवार. चर्च त्यांनी सोडलं, कारण नवा पाद्री गिटार वाजवतो. गुरुवारी सकाळी मात्र त्या नेमबाजीच्या क्लबात जातात, तिथे आणखी तीन म्हाताऱ्यांबरोबर कागदी चकत्यांची चाळण करतात, आणि मग कॉफी, ॲपल पाय आणि जी त्या दिवशी आली नसेल तिची निंदा. या एका दिवसावर त्या उरलेले सहा दिवस काढतात. अडचण अशी की दुकानातलं काडतूस फार जोरात धक्का देतं आणि तो त्यांच्या मनगटांना सोसत नाही. मामंजी गॅरेजात बसून त्यांच्यापुरती मऊ काडतुसं भरत असत, बारूद बेताची घालून. तो साठा संपत आला. ऑगस्टमध्ये सासूबाईंनी जाहीर केलं की शेवटचा डबा संपला की रिव्हॉल्व्हर विकायचं आणि खिडकीत बसून मरणाची वाट बघायची. (खिडकीही त्यांनी ठरवून ठेवली होती. आमच्या दिवाणखान्याची, कारण तिथून रस्ता दिसतो.)

त्या दोन आठवडे राहायला येतात तेव्हा काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. कायमच्या येणार म्हटल्यावर कर्टिसने हातातला घास ताटात परत ठेवला. तो म्हणाला, "अगं आई, काळजी कशाला करतेस? नॅडीन भरेल की काडतुसं. ती सूचना वाचते." या घरात सूचना वाचणं हा आजार समजला जातो हे मला लग्न झाल्यावर समजलं. त्या आजाराचा कधी उपयोग होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

सासूबाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "मी माझ्या हार्लनशिवाय कुणाच्या हातचं काडतूस झाडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि तू तर ॲपल पायचं पीठसुद्धा विकतचं आणतेस."

हा नियम तुम्हाला सांगायला नको. तुम्ही याच घरात वाढलात. दुसऱ्याच्या हातचं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. क्लबात माणसं एकमेकांना गाड्या देतात, कुत्री देतात, एकदा तर एकाने दुसऱ्याला बायको दिल्यासारखंच झालं होतं, पण घरी भरलेलं काडतूस कुणी कुणाचं घेत नाही. म्हणजे मला दोन गोष्टी करायच्या होत्या: काडतुसं भरायला शिकायचं, आणि मग या बाईंना ती झाडायला लावायचं. पहिली अवघड आणि दुसरी अशक्य, असा माझा अंदाज होता. (अंदाज उलटा निघाला, पण ते पुढे.)

मामंजींचं भरण्याचं यंत्र कर्टिसने त्यांच्या गॅरेजातून आणून आमच्या गॅरेजातल्या बाकाला घट्ट बसवलं. मी पुस्तक आणलं आणि प्रस्तावनेपासून वाचलं. ज्यांचे आभार मानले होते त्या सगळ्यांची नावंसुद्धा वाचली. काम तसं सरळ आहे. झाडून रिकामी झालेली पितळी पुंगळी घ्यायची, धुवायची, यंत्रात दाबून मूळ मापाला आणायची, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत बारूद मोजून घालायची आणि वर शिशाची गोळी दाबून बसवायची. पुंगळ्या क्लबात पिंपात टाकलेल्या असतात, त्या घेऊ देतात. जनावरांचे डॉक्टर आणि बँकेचे मॅनेजर कमरेपर्यंत त्या पिंपात वाकलेले मी पाहिले. दोघांनी मला नमस्कार केला, पण वर न येता. मीही वाकले. त्या अंधारात, जीर्ण कोटांच्या वासात, मला पहिल्यांदाच या गावात सामावल्यासारखं वाटलं.

पहिली खेप मी एका शनिवारी भरायला घेतली. पुंगळ्या लाकडी साच्यात ओळीने उभ्या. एकेकीत बारूद घालत चालले होते, एवढ्यात कर्टिस दारात आला. "मोहरीची बाटली कुठंय?" मी म्हटलं, फ्रिजमध्ये. "फ्रिजमध्ये कुठं?" दारात. "दारात नाहीये." मग मी उठले, बाटली दारातच होती ती दिली आणि परत बसले. बाकीच्या पुंगळ्या भरल्या, सगळ्यांवर गोळ्या बसवल्या, हात पुसले. आणि मग मनात आलं: उठण्याआधी जिच्यात बारूद घालत होते, तिच्यात घातली होती का? आणि परत आल्यावर तिच्यातच पुन्हा घातली का?

हसू नका. रिकाम्या काडतुसाची गोळी नळीतच अडकून बसते, आणि दोनदा भरलेलं काडतूस अख्खं रिव्हॉल्व्हर फोडू शकतं, आणि ते रिव्हॉल्व्हर आपल्या सासूच्या हातात असेल. (इथे काहींना जो विचार सुचेल तो मला सुचला नाही. सुचला, पण मी तो टिकू दिला नाही.)

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकले हे कर्टिस लोकांना माफी मागितल्यासारखं सांगतो. आज काउंटीच्या कचेरीत जमिनीचे नकाशे सांभाळते, पण शंका काढायची सवय गेलेली नाही. मी शास्त्रशुद्ध मार्ग काढला. बारूद मोजायचा नाजूक काटा होताच. सगळी काडतुसं एकेक करून तोलायची, जे हलकं ते रिकामं, जे जड ते दोनदा भरलेलं. तोलली. वन्सं, एकाचंही वजन दुसऱ्याशी जुळेना! मग काय, सगळी उघडायची. त्यासाठी एक पोकळ हातोडा मिळतो. काडतूस त्यात अडकवून फरशीवर आपटत राहायचं, की झटक्याने गोळी आणि बारूद आतल्या पोकळीत पडते. मी मागच्या पायरीवर बसून अख्खी दुपार आपटत होते. शेजारचे टिबेट्स कुंपणाशी आले. "छप्पर ठोकतेस की नवऱ्याला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काडतुसं उघडतेय. ते तसेच उलट पावली घरात गेले आणि त्यांनी पडदे ओढले.

प्रत्येकात बारूद होती. प्रत्येकात बरोबर तेवढीच.

दुसऱ्या खेपेला मी कर्टिसला मोहरीच्या बाटलीसकट त्याच्या चुलतभावाकडे पाठवला. घरात चिटपाखरू नाही. भरली, तोलली. पुन्हा तोच गोंधळ, पुन्हा पायरी, पुन्हा हातोडा, आणि पुन्हा प्रत्येकात बारूद बरोबर. इथे एखाद्या साध्या बाईला जे समजलं असतं ते मला समजलं नाही. मला वाटलं, माझ्या हातालाच गुण नाही. तेव्हा तुलनेसाठी मामंजींच्या हातचं काही तोलून पाहावं म्हणून सासूबाईंच्या नकळत शेवटचा अर्धा डबा घरी आणला. (चोरून आणला.)

मामंजींची काडतुसं माझ्याहून वाईट निघाली. एक हलकं, एक जड, एक मधलंच. ज्या माणसाच्या काडतुसांची क्लबात शपथ घेतात, त्याचा हा कारभार! माझी झोप उडाली. आता सांगायचं की नाही? न सांगावं तर सासूबाई तीच काडतुसं झाडत राहणार. सांगावं तर विधवेच्या मनातला नवरा खाली येणार. डायरीत मी दोन्ही बाजू मांडल्या आणि दोन्ही मला पटल्या. कर्टिसला विचारलं, तर तो म्हणाला, "मेलेल्या माणसाला तराजूत घालू नये." हे मला लागलं, पण पटलं नाही.

मग गेल्या रविवारी भाजलेलं मांस वाढता वाढता मी सांगितलं. सौम्यपणे सांगितलं. (माझ्या मते. कर्टिसच्या मते मी आरोपपत्र वाचलं.) मामंजींचं प्रेम मोठं होतं, पण शेवटी शेवटी हात स्थिर नसावा, असं काहीतरी बोलले.

सासूबाईंनी काटा खाली ठेवला. "ती हार्लनची नाहीत."

"मग?"

"माझी आहेत. शेवटची दोन वर्षं त्याला पुंगळीचं तोंडसुद्धा दिसायचं नाही. तो नुसता रेडिओ लावून बसायचा आणि क्लबात जाऊन मिरवायचा. मीच भरायची. गेल्या हिवाळ्यात ते हँडल ओढायचं होईना, म्हणून तर तुला बसवलं."

मी पाणी प्यायले. कर्टिसने ग्रेव्ही मागितली. कुणी दिली नाही.

"आणि तोललंस काय गं तू? बारूद?"

"नाही. अख्खं काडतूस."

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग त्या हसायला लागल्या, आणि अशा हसल्या की वरची कवळी हातात काढून घ्यावी लागली. "अगं शहाणे," कवळी परत बसवून त्या म्हणाल्या, "तू पितळ तोललंस! पिंपातल्या पुंगळ्या दहा कारखान्यांच्या. कुणाचं बूड जाड, कुणाचं पातळ. बारूद चिमूटभर. ती त्या फरकात कुठल्या कुठे हरवते. कॉलेजात हेच शिकवतात का?"

"मग रिकामं राहिलं की नाही ते ओळखायचं कसं, आई?"

"डोळ्यांनी! गोळी बसवायच्या आधी दिवा धरायचा आणि प्रत्येकीत वाकून बघायचं. बारूद सगळीकडे सारख्या उंचीवर दिसली, की झालं."

हे पुस्तकातही होतं, वन्सं. त्या पानाला मी खूण घातली होती. मी ते साधं म्हणून सोडून दिलं.

परवा तिसरी खेप भरली. दिवा धरला, वाकले, पाहिलं, गोळ्या बसवल्या. तोलली नाहीत. (एक तोललं. सवय.) आणि आज ती डब्यात घालून सासूबाईंकडे नेली. त्यांनी एक काडतूस उचललं, बूड पाहिलं, अंगठ्याने गोळी दाबून पाहिली, परत ठेवलं. मग म्हणाल्या, "झाडीन. उद्याच, क्लबात. पण आधी तू माझी झाडायची. जी तू चोरून नेलीस आणि नावं ठेवलीस ती. सगळ्यांसमोर. तू माझी झाडलीस तर मी तुझी झाडीन. नाहीतर खिडकीतली माझी खुर्ची झटकून ठेव."

आता माझी अवस्था बघा. त्या काडतुसांवर मी घेतलेला आक्षेप खोटा ठरला, हे कबूल. पण आक्षेप खोटा ठरला म्हणून काडतुसं चांगली ठरत नाहीत! वजनाने काहीच सिद्ध होत नसेल, तर ती चांगली आहेत हेही सिद्ध होत नाही. हे मी सासूबाईंना समजावून सांगितलं. "बरोबर," त्या म्हणाल्या, "तुझ्याही काडतुसांचं तसंच आहे." हे मी डायरीत उतरवून घेतलं. एक उघडून बघू का, असंही विचारलं. त्या म्हणाल्या, "हातोडा काढलास तर बोलणी मोडली."

तेव्हा उद्या मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातचं काडतूस झाडणार आहे. मला भीती वाटत नाही. तुमच्या आईवर माझा पूर्ण विश्वास आहे. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची,
नॅडीन

ता. क. लग्नात तुम्ही स्वतः भरतकाम करून दिलेल्या उशीच्या अभ्र्यांपैकी एकात घालून मी पुंगळ्या धुतल्या. कपडे धुण्याच्या यंत्रात बांधून घालायला दुसरं घट्ट कापड नव्हतं. (होतं. ते कर्टिसच्या आवडीचं होतं.) अभ्रा आता करडा झाला आहे. फुलं ओळखू येतात.

ता. क. २. वरचं सगळं खरं तर एक गोष्ट विचारण्यासाठी लिहिलं. मघाशी कर्टिस म्हणाला, "रोझॅनने एकदाच आईच्या हातचं झाडलं होतं, आणि त्याच आठवड्यात ती ओरेगॉनला निघून गेली." आणि आत जाऊन टीव्ही लावला. तो चेष्टा करतोय ना? की तुम्ही दुसऱ्या कशासाठी गेला होतात? मला कृपा करून खरं सांगा. मी कुणाला बोलणार नाही.

ता. क. ३. हे पत्र तुम्हाला पुढच्या आठवड्यात मिळेल, म्हणजे उत्तराचा उपयोग नाही. फोन करता आला असता. तो मी तीनदा उचलला आणि ठेवला. तुम्ही "हो, तसंच झालं" म्हणालात तर उद्या मी जाणार नाही, आणि मी गेले नाही तर त्याही जाणार नाहीत, उद्या नाही आणि पुन्हा कधीच नाही. त्यांनी उद्यासाठी आजच क्लबाची टोपी कपाटातून काढून दाराशी ठेवली आहे. तेव्हा उत्तर टपालानेच द्या. सावकाश द्या.

ता. क. ४. "पूर्ण विश्वास" यातला "पूर्ण" खोडावा असं वाटलं होतं. राहू देते.

उद्या: सासूबाईंची काडतुसं. पहिला बार माझा.