माझी गुरुगिरी आणि वरचा मजला

४ मार्च, सकाळ

ही रोजनिशी पुढे ऐकणारी बाई मीच, आणि तिला मी चांगली ओळखून आहे. गॅसवर दूध ठेवून दूध आणायला जाणारी. म्हणून आधीच सांगते, बाई गं, तुला अक्षर येत नाही. उगाच चष्मा शोधत बसू नकोस. हिरवं बटण दाबलंस की मोबाइल सगळं वाचून दाखवतो. लाल दाबू नकोस.

ही नातीची करामत. मी बोलते, मोबाइल टाइप करतो. अक्षरं त्याची, अक्कल माझी.

कारण तसंच आहे. नात दर शनिवारी वाचनालयात वर्ग घेते. बारा पोरंपोरी, विशीच्या आतबाहेरची. लोक परक्या माणसांबद्दल, दुसऱ्या जमातीबद्दल विष ओकतात, मोबाइलवर आणि तोंडावरही, त्याला उत्तर कसं द्यायचं ते शिकवते. मला म्हणाली, आजी येशील का, आम्हाला तुझी फार मदत होईल. मी दोनदा नाही म्हटलं, शोभेपुरतं. शेवटी गुरू लागतोच.

संकल्प केलाय. पोरांच्या जिभेला धार लावून द्यायची. आणि महिनाभर आपण कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. हा सोपा आहे, मी कधी बोलतच नाही.

७ मार्च

पहिला वर्ग. खुर्ची पुढची. हात असलेली.

नात काय शिकवते, तर ओरडायचं नाही. विष ओकणाऱ्याला हरवायला जायचं नाही, बाजूला जे गप्प ऐकत उभे असतात त्यांच्यासाठी बोलायचं. आणि पहिला प्रश्न काय, तर तुम्ही स्वतः पाहिलंत का. चहात बुडवलेलं बिस्कीट बरं, इतकं मऊ.

मी सांगितलं, असं नसतं. एकच वाक्य टाकायचं, समोरचा आठवडाभर जेवला नाही पाहिजे. मग नमुन्यादाखल पाच-सात वाक्यं टाकली. एकूण एक पोरांनी वह्या काढल्या. चष्मेवाला पोरगा तर म्हणाला, आजी, जरा हळू, लिहून होत नाहीये. मी शिंकले असते तर तेही उतरवून घेतलं असतं.

९ मार्च, दुपारी दोन

बिल्डिंगच्या टाकीत पाणी नाही. तिसरा दिवस.

वरच्या मजल्यावर टेलर आणि त्याची बायको राहायला आलेत, चार महिने झाले. कुठून आलेत देव जाणे. आपसांत आपली भाषा बोलतात, दिवसभर मशीन चालवतात. भिंतीतून पाणी वाहिल्याचा आवाज मी कानांनी ऐकते. आणखी काय पुरावा पाहिजे?

मला लिहिता येत नाही म्हणून बिल्डिंगच्या ग्रुपवर बोलून पाठवते. आजही पाठवलं, अगदी तोलूनमापून. वरचे आल्यापासून टाकी भरत नाही. ह्या लोकांना पाण्याची किंमतच नसते. आज पाणी घालवलं, उद्या आपली घरं घालवतील. बस. हा द्वेष नव्हे, ही माहिती.

चौदा अंगठे आले. सुनेने विचारलं, आई, तुम्ही बघितलंत का त्यांना पाणी सांडताना? म्हणजे ही वर्गाला न जाताच शिकली.

१२ मार्च

माझा आवाज बाजारापर्यंत पोचला. दूधवाल्याने मलाच ऐकवला, म्हणाला कुणीतरी म्हातारी आहे, काय बोलते. मी विनयाने मान खाली घातली.

खालची घरमालकीण भेटली. टेलरचा करार ह्या महिन्याअखेर संपतो. लोकांची इतकी कुरकुर चाललीये की पुढे ठेवायचं का नाही ते एकतीस तारखेला सगळ्यांना बोलावून ठरवणार. मी काय म्हणणार? बिल्डिंग तिची. मी कुणाला काढा म्हटलेलं नाही. मी फक्त पाण्यावर बोलले.

१४ मार्च

दुसरा वर्ग. विजय.

आज चिठ्ठ्यांचा खेळ होता. कुठे कुठे ऐकलेली विषारी वाक्यं, नावगाव काढून लिहिलेली. एकाने वाचायची, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. चष्मेवाल्याने वाचली, गाडीचं वेळापत्रक वाचल्यासारखी: अमके आले की पाणी संपतं, उद्या घरं जातील. कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. पण मूर्ख माणसं सगळीकडे एकसारखीच बोलतात.

 मग मीच उठले. म्हटलं, अगं भवाने, दुसऱ्याच्या नावाने खडे फोडण्याआधी स्वतःच्या घरचा नळ बघितलास का? टाळ्या. नात मात्र खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, मी पाहिलं.

१६ मार्च, सकाळी अकरा

प्लंबर आला. टाकी बघितली, पाइप बघितले, मग प्रत्येक घरात शिरला. आमच्या संडासातल्या फ्लशचं झाकण उचललं आणि म्हणाला, आजी, तुमची टाकी इथून चाललीये. आतलं रबर झिजलंय. पाणी चोवीस तास वाहतंय. भिंतीतला आवाज तो हाच.

ठीक आहे. रबर झिजतं, त्याने नवं बसवलं. माझे गुडघेही झिजलेत. पण त्याने वरच्यांचा स्वभाव थोडाच बदलतो? ग्रुपवर काही बोलले नाही. म्हाताऱ्या बाईच्या संडासाची चर्चा चारचौघांत करू नये.

१९ मार्च

जिन्यात वरची भेटली. दिवाणखान्याचे पडदे तिनेच शिवून दिले होते, आल्या आल्या. तेव्हा माझी पिशवीही हातातून घ्यायची. आज भिंतीला पाठ लावून उभी राहिली, ट्रकला वाट द्यावी तशी. बोलली नाही. लाजरी आहे.

२१ मार्च

तिसरा वर्ग. नात म्हणाली, आज चिठ्ठ्या नाहीत, आज खरा आवाज ऐकू.

मोबाइलमधून एक म्हातारी बोलायला लागली. आवाज कसला, पत्र्याचा डबा फरशीवरून ओढावा तसा. मी शेजारच्या पोरीला म्हटलंसुद्धा, काय सटवी आहे बघ. पोरगी चपलांकडे बघायला लागली. मग म्हातारी घरं घालवतील म्हणाली, आणि मागून आवाज आला, आई, चहा झाला.

तो आमच्या सुनेचा आवाज.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला हसण्याला उत्तर देता येतं. चष्मेवाला उठला, माझ्यासमोर येऊन खाली बसला आणि अगदी हळू म्हणाला, “आजी, तुम्ही स्वतः पाहिलं होतंत का?”

मी म्हटलं, इथे फार उकडतंय.

घरी येऊन नातीला धारेवर धरलं. गुरू म्हणून बोलावून ही शोभा? ती म्हणाली, “गुरू मी कधी म्हटलं आजी? पोरांना सराव लागतो. कुणी परका आरडाओरडा करणारा आणला तर उत्तर देणं सोपं आहे. अवघड जातं ते आपल्या प्रेमाच्या माणसाला देणं.”

मी म्हटलं, पैलवान ज्याच्यावर सराव करतो, तोही पैलवानच असतो. ती भांडी घासायला निघून गेली.

२४ मार्च

ग्रुपवर नवा आवाज पाठवला. सात वेळा म्हणून बघितला. फ्लश माझा, पाणी माझं, वरच्यांचा काही दोष नाही.

संध्याकाळपर्यंत एक अंगठा. तो माझाच, चुकून दाबला गेला. पहिला आवाज तीन दिवसांत बाजार फिरून आला, हा उंबऱ्याशीच बसून राहिला. दूधवाल्याला ऐकवला तर म्हणाला, यात मजा नाही आजी, पहिला पाठवा.

२७ मार्च, दुपार

वर गेले. अठरा पायऱ्या, दोनदा बसून. दार अर्धं उघडलं. आत खोकी भरून ठेवलेली.

सांगितलं, फ्लश माझा होता. तिने नवऱ्याला मशीन थांबवायला लावली, त्यालाही ऐकू यावं म्हणून, आणि मला पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा सांगणं फार जड गेलं.

मग ती आपल्या मराठीत, एकेक शब्द जुळवत म्हणाली, “हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. आम्हाला काय सांगता आजी? खाली सांगा.”

पाणी विचारलं तिने. मी घेतलं नाही. कुठल्या तोंडाने घेणार?

३१ मार्च, रात्री आठ

मालकिणीकडची बैठक. चौदा अंगठेवाले हजर. नवरा-बायको दारापाशी उभे, कुणी बसा म्हटलं नाही. मी म्हटलं, तर लोक सरकले नाहीत.

ठरवलं होतं, असं एकेक वाक्य टाकायचं की सगळे आठवडाभर उपाशी. उभी राहिले तर एवढंच निघालं, की पाणी माझ्या घरातून जात होतं, मी न बघता बोलले.

लोकांनी माना डोलावल्या. मग एकजण दुसऱ्याला म्हणाला, वय झालंय, विसरतात. दुसरा म्हणाला, नातीने पढवून पाठवलंय. मालकीण म्हणाली, आजी, तुम्ही बसा, तुम्हाला त्रास होतोय.

न बघता बोलले तेव्हा मी शहाणी होते. बघून बोलले तर भ्रम झाला.

करार वाढला नाही.

३ एप्रिल

वरचे सकाळी गेले. टेम्पोत मशीन चढवताना नात आणि तिची बारा पोरं होती. मी गॅलरीत. हात वर केला, टेलरच्या बायकोने बघितला की नाही माहीत नाही. टाकी भरलेली आहे.

उद्या नवी तुकडी सुरू. नात म्हणाली, आजी, ये. मी विचारलं, समोर बसायला का? म्हणाली, नाही, शेवटच्या रांगेत, शिकायला.

जाणार आहे. तीन तासांचा वर्ग. सून दारात उभी राहून विचारतेय, आई, डब्यात काय पाठवू. सांगते तिला: मऊ भात आणि दोन उकडलेले बटाटे, मीठ वेगळ्या पुडीत. साडेअकराला पोचेल असं पाठव. तिखट अजिबात घालू नकोस.