नवव्या धड्यातला आवाज

प्रिय ठमे,

तीन रविवार मी तुझा फोन उचलला नाही, 'कामात आहे' एवढंच कळवत राहिले. काल तुझा मेसेज आला, 'रागावली असशील तर तसं सांग, आई.' म्हणून लिहायला बसले. रागावलेले नाही. मी रागावले की तुला विचारावं लागत नाही.

आधी कॉलेजची हकिकत ऐक. गेल्या वर्षी आमच्या नर्सिंग कॉलेजने नोकरी करून शिकणाऱ्या मुलींसाठी खिशात मावणारे प्लेअर घेतले. शरीररचनेचे धडे माझ्या आवाजात भरायचे आणि मुलींनी ते लायब्ररीतून पुस्तकासारखे घरी न्यायचे; बसमध्ये ऐका, भांडी घासताना ऐका. मी कडाडून विरोध केला. वर्गात मी एक गोष्ट दोनदा सांगत नाही, हे तुला माहीत आहे. लायब्ररीच्या बाई म्हणाल्या, "म्हणूनच तर हवंय. मशीन वैतागत नाही." मग त्यांच्या मागच्या खोलीत, खिडकीला ब्लँकेट लावून, महिन्याला एखादा धडा भरत गेले. हाडांपासून सुरुवात केली, नवव्यात घशापर्यंत पोचले.

या मुलींत एक पावाच्या कारखान्यात रात्रपाळी करते. वर्गात डुलक्या घ्यायची, म्हणून मी तिला बाहेरही काढलं होतं. तिने सुट्टीच्या दिवशी सगळे धडे सलग ऐकले आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, ओरडू नका. पहिल्या धड्यातल्या बाई आणि नवव्यातल्या बाई वेगळ्या वाटतात." मी म्हटलं, सर्दी आहे. तिने प्लेअर पुढे केला. "तुम्हीच यात सांगितलंय, आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला तर तपासून घ्या. मी मागे नेऊन नेऊन ऐकलं."

रोज भेटणाऱ्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तू फोनवर विचारायचीस, "घसा बसलाय का गं?" आणि मी तुझ्या अभ्यासाचं काढायचे. त्या दुपारी मी इअरफोन कानात घालून आधी पहिला धडा लावला, मग नववा. मधले महिने गाळून ऐकलं की काही लपत नाही.

तपासणीत घशात कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टर कागदावर चित्र काढून समजावू लागले, पुढचं चित्र मीच पुरं केलं. स्वरयंत्र काढावं लागलं. त्याच आठवड्यात तुझी परीक्षा होती, म्हणून मावशीला शपथ घातली. तिच्यावर चिडू नकोस. जिच्या पोटात काही राहत नाही ती बाई इतके दिवस गप्प बसली आहे.

जीव वाचला. श्वास आता गळ्याच्या छिद्रातून घेते. पाटीवर लिहिते आणि मावशी चष्म्याशिवाय वाचून भलतंच आणून देते. परवा ती बाहेरच्या खोलीत होती आणि गॅसवर दूध वर आलं. मी पलंगावरून तोंड उघडलं. दूध उतू गेलं.

पावाच्या कारखान्यातली ती भेटायला आली होती. म्हणाली, "मॅडम, एकदा ओरडा ना."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लायब्ररीच्या बाईंनी मला ती खोली उघडून दिली. तुझ्यासाठी काहीतरी भरायचं होतं. उपदेश करावा, तर तो तुला पाठ आहे. शेवटी सकाळी स्वयंपाकघरातून मारायचे तशी तुला हाक मारली, एवढंच. आवाज खरखरीत आहे, पण नाव स्पष्ट आलंय. हवं तेव्हा ऐक, हवं तितक्यांदा ऐक. या एका बाबतीत मी दोनदा सांगायला तयार आहे. आणि रविवारी फोन कर. मी उचलीन. तू बोलत राहा. मी ऐकते आहे हे तुला कळावं म्हणून फोनवर बोटाने टकटक करीन.

तुझीच,
आई

सोबत पार्सलमध्ये: प्लेअर एक, चार्जरसह. त्यात धडे एक ते नऊ. त्यानंतर एक हाक.